शिराळ्याचा नाग आणि भयचित्रकथांचे जग

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शिराळा हे गाव नागपंचमीमुळे देशभर परिचित आहे. 'बत्तीस शिराळा' या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या गावात नागपूजेविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या घरी आले असता घरातील गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. त्यामुळे भिक्षा वाढण्यास तिला विलंब झाला. विलंबाचे कारण कळल्यावर जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी तिला विचारले. तिने होकार देताच मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाच्या पूजेची प्रथा पडली, अशी श्रद्धा आहे.

हेच गोरक्षनाथ १९८६ मध्ये एका वेगळ्याच ठिकाणी अवतरले. दिल्लीच्या राज कॉमिक्सने त्या वर्षी 'नागराज' हा नायक हिंदी वाचकांपुढे आणला. परशुराम शर्मा यांचे लेखन आणि प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराची चित्रे असलेल्या पहिल्याच अंकात नागराज हा एका दुष्ट शास्त्रज्ञाने घडविलेले जिवंत शस्त्र म्हणून येतो. त्याच्या रक्तात सूक्ष्म सर्प आहेत, श्वासात विष आहे आणि डोक्यात बसविलेल्या एका कुपीमुळे त्याची इच्छाशक्ती दुसऱ्याच्या ताब्यात आहे. बाबा गोरखनाथ ती कुपी काढून टाकतात आणि विषारी शस्त्राचा रक्षक होतो. आख्यायिकेत नाथ मातीच्या नागाला प्राण देतात. कॉमिक्समध्ये ते शस्त्र बनविल्या गेलेल्या नागमानवाला स्वत्व देतात.

नाग तोच, पण शिराळ्यात तो दैवत आहे, राज कॉमिक्समध्ये नायक आहे आणि जपानी भयचित्रकथेत, पुढे पाहणार आहोत त्याप्रमाणे, आईचे रूप घेऊन घरात शिरणारी विपदा आहे. भय प्राण्यात असते की त्याच्याभोवती आखलेल्या चौकटीत, हा प्रश्न भयचित्रकथांच्या वाचनाच्या मुळाशी आहे. या साहित्यप्रकाराची ओळख करून घेताना आणि तो दुसऱ्याला सुचविताना हाच प्रश्न सर्वाधिक उपयोगी पडतो.

चौकटीतील भय

चित्रपटातील भय प्रेक्षकावर चालून येते. दृश्याचा वेग दिग्दर्शकाच्या हाती असतो आणि पार्श्वसंगीत आधीच इशारा देते. गद्य भयकथेत भयाचे रूप वाचकाला स्वतःच्या कल्पनेने घडवावे लागते. चित्रकथा या दोहोंच्या मधली आहे. तिच्यात रूप चित्रकार देतो, परंतु वेळ वाचकाच्या ताब्यात राहते. एका चौकटीवर किती थांबायचे, पान केव्हा उलटायचे, हे तोच ठरवितो. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले, हेही त्यालाच जुळवून घ्यावे लागते. दाराच्या कडीवर हात असलेली एक चौकट आणि उघडे दार दाखविणारी दुसरी चौकट यांच्या मधला क्षण कागदावर काढलेलाच नसतो, आणि भय बहुधा तिथेच असते.

पान उलटणे ही भयचित्रकथेची सर्वांत प्रभावी युक्ती होय. कसलेला चित्रकार जोडपानाच्या अखेरच्या चौकटीत पात्राचा केवळ चेहरा दाखवितो. त्या पात्राने काहीतरी पाहिले आहे, एवढेच वाचकाला कळते. काय पाहिले, ते पुढच्या पानावर असते. पान उलटणारा हात वाचकाचाच असल्यामुळे भयप्रसंग घडवून आणण्यात तो सामील होतो. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो आणि बहुतेक इंग्रजी आवृत्त्यांतही ही मांडणी जपली जाते. पहिल्यांदा मांगा हाती घेणाऱ्या वाचकाने ही सवय सुरुवातीसच करून घ्यावी. उलट क्रमाने वाचल्यास चित्रकाराने राखून ठेवलेला धक्का आधीच नजरेस पडतो.

मोबाइलच्या पडद्यावर वाचताना हे गणित बदलते. सुटी सुटी पाने सरकवताना जोडपानाचा परिणाम नाहीसा होतो. याउलट, कोरियातील 'वेबटून' हा प्रकार वरून खाली सरकणाऱ्या पडद्यासाठीच रचला जातो. २०११ मध्ये होरांग या कोरियन चित्रकाराची 'बोंगचॉन-डोंगचे भूत' ही छोटी चित्रकथा जगभर गाजली, ती त्यातील आकृती ऐन वेळी पडद्यावर हलत असल्यामुळे. तात्पर्य, ज्या माध्यमासाठी चित्रकथा रचली गेली, त्याच माध्यमात ती वाचणे श्रेयस्कर.

बंदीचा इतिहास

भयचित्रकथांकडे संशयाने पाहण्याची प्रवृत्ती जुनी आहे आणि तिचे पडसाद भारताच्या कायद्यातही उमटलेले आहेत. अमेरिकेत १९५० मध्ये ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' व तत्सम मासिके सुरू केली. उत्तम चित्रे, कथेच्या अखेरीस क्रूर कलाटणी आणि दुष्टाला मिळणारी भीषण शिक्षा हे त्यांचे वैशिष्ट्य होते. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांना कुऱ्हाड आणि स्त्रीचे तुटलेले शिर दाखविणाऱ्या मुखपृष्ठाबद्दल जाब विचारण्यात आला. कायदा टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची आचारसंहिता स्वीकारली. त्यानुसार शीर्षकात 'हॉरर' व 'टेरर' हे शब्द वापरण्यास आणि रक्तपिपासू पिशाच, नरवृक, चालती प्रेते दाखविण्यास मनाई झाली. ईसीची भयमासिके बंद पडली.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगो शहरातील शेकडो मुले दोन मुलांना खाणाऱ्या पोलादी दातांच्या पिशाचाच्या शोधात एका दफनभूमीत जमली. असे कोणतेही मूल बेपत्ता झालेले नव्हते. खापर अमेरिकी भयचित्रकथांवर फुटले आणि १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. भारतीय संसदेनेही १९५६ मध्ये त्याच धर्तीवर 'तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम' संमत केला. गुन्हे, हिंसा व क्रौर्य किंवा बीभत्स व भयंकर प्रसंग रंगवून वीस वर्षांखालील वाचकांना बिघडवू शकतील, अशा सचित्र वा चित्रविरहित कथांची विक्री त्याने दंडनीय ठरविली.

या इतिहासाचा उत्तरार्धही ध्यानात घेतला पाहिजे. वर्थम यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करून कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, त्यांनी मुलांच्या मुलाखतींतील पुरावा अनेक ठिकाणी बदलून वापरला होता. अमेरिकेतील आचारसंहिता १९७१ मध्ये सैल झाली. १९८४ मध्ये अ‍ॅलन मूर लिहीत असलेल्या 'स्वॅम्प थिंग' या मालिकेचा अंक तिची मोहोर न घेताच बाजारात आला आणि २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही ती सोडून दिली. पुरावा कच्चा होता, म्हणून प्रत्येक भयचित्रकथा प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी असे मात्र नव्हे. बंदीने प्रश्न सुटला नाही. जाणत्या माणसाने केलेली निवड हाच त्यावरचा उपाय आहे.

जपानचा भयमांगा

अमेरिकेत भयचित्रकथा दबली गेली, त्याच काळात जपानमध्ये ती भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांतून बहरत होती. युद्धोत्तर जपानमध्ये अल्प मोबदल्यात पुस्तके वाचावयास देणारी दुकाने गल्लोगल्ली होती आणि केवळ त्यांच्यासाठी चित्रकथा छापल्या जात. महाराष्ट्रातील शहरांत सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनी रहस्यकथा व भयकथा घरोघरी पोहोचविल्या, त्याची आठवण करून देणारी ही व्यवस्था होती.

शिगेरू मिझुकी (१९२२–२०१५) हे याच व्यवस्थेतून पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्यांनी डावा हात गमावला आणि पुढे उजव्या हाताने जपानी लोककथांतील भुतांची एक संपूर्ण सृष्टी रेखाटली. त्यांचा 'कितारो' हा स्मशानात जन्मलेला भूतबालक १९६० मध्ये भाड्याच्या पुस्तकांतून अवतरला आणि पुढे जपानच्या घराघरांत पोहोचला. साकाइमिनातो या त्यांच्या गावात आज एका रस्त्याच्या दुतर्फा त्यांच्या भुतांच्या पावणेदोनशेहून अधिक कांस्यमूर्ती उभ्या आहेत आणि पर्यटक त्या पाहण्यासाठी येतात. भयाच्या आकृतीवर गावाची ओळख उभी राहते, याचे हे उदाहरण शिराळकरांना जवळचे वाटावे.

नागाच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे नाव काझुओ उमेझु (१९३६–२०२४) यांचे आहे. नारा प्रांतातील डोंगराळ मुलखात वाढलेल्या उमेझुंना लहानपणी वडील झोपण्यापूर्वी नागस्त्रीच्या स्थानिक दंतकथा सांगत असत. त्या कथांतून १९६५–६६ मध्ये त्यांची नागस्त्रीची चित्रकथामाला जन्मली. ती मुलींच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. पहिल्या कथेत एका मुलीची आई रुग्णालयात असते. तिच्यासारखीच दिसणारी, स्वतःला नाग समजणारी एक स्त्री त्याच रुग्णालयात कोंडलेली असते आणि ती आईची जागा घेऊन घरी येते. घरात सर्वांना आई दिसते, एकट्या मुलीला नाग दिसतो. येथे भय सापाचे नाही. ज्या व्यक्तीवर सर्वाधिक विश्वास, तीच परकी झाली तर काय, हे लहान मुलाच्या मनातील मूळ भय आहे. ही माला 'रेप्टिलिया' या नावाने इंग्रजीत आली. उमेझुंची पुढील महत्त्वाची कृती 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' (१९७२–७४) हिच्यात एक संपूर्ण प्राथमिक शाळा उजाड भविष्यात जाऊन पडते. आईशी भांडून सकाळी शाळेत आलेला मुलगा तिच्यापासून युगांच्या अंतरावर जातो. तिच्यातील पात्रे मुले असली, तरी तिच्यातील हिंसा पाहता ती मुलांसाठी नव्हे.

आजच्या वाचकांत सर्वाधिक नाव जुंजी इतो यांचे आहे. १९६३ मध्ये जन्मलेले इतो दंततंत्रज्ञ होते. १९८७ मध्ये त्यांची 'तोमिए' ही कथा उमेझुंच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्कारासाठी आली आणि परीक्षकांत स्वतः उमेझु होते. कितीही वेळा मारली तरी परत उगवणाऱ्या तरुणीची ही कल्पना पालीची शेपटी तुटूनही पुन्हा येते, या निरीक्षणातून सुचल्याचे इतो यांनी सांगितले आहे. १९९८–९९ मधील 'उझुमाकी' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. समुद्रकाठच्या एका लहान गावाला सर्पिल आकाराने झपाटले आहे. प्रारंभी एक मनुष्य गोगलगायीकडे, भोवऱ्याकडे टक लावून बसतो. पुढे केस, शरीरे, घरे आणि अखेरीस गावच त्या आकारात गुंडाळले जाते. एका प्रकरणात ताटातूट होऊ घातलेले प्रेमी युगुल दोन सर्पांसारखे एकमेकांना विळखा घालून निघून जाते. येथे खलनायक कोणी नाही. एक आकार आहे आणि त्यावरून नजर न हटवू शकणारी माणसे आहेत. इतो यांना २०१९ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'च्या रूपांतरासाठी, तसेच २०२१ मध्येही अमेरिकेतील प्रतिष्ठेचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

एका आकाराभोवती जगणारे गाव ही कल्पना शिराळ्याच्या संदर्भात पाहिली, तर फरक चटकन लक्षात येतो. उझुमाकीतील गावकरी आकाराच्या आहारी जातात. शिराळ्याने आपल्या भयाच्या आकाराला वर्षातील एक तिथी, एक विधी आणि एक मर्यादा दिली. भयकथा वाचून पुस्तक मिटणारा वाचकही थोड्याफार फरकाने तेच करीत असतो.

मराठी वाचकाची पूर्वतयारी

मराठी वाचकाला हे जग अगदीच अपरिचित नाही. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा' मासिकातील विक्रम-वेताळाचे चित्र अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार आणि भोवती स्मशान, असे हे चित्र के. सी. शिवशंकरन यांच्या कुंचल्यातून उतरले होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. वेताळाच्या कथांची रचनाही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक कथेच्या अखेरीस प्रेत राजाला प्रश्न विचारते आणि उत्तर ठाऊक असूनही मौन पाळले, तर शिर फुटेल असे बजावते. म्हणजे भय हे नैतिक प्रश्न विचारण्याचे निमित्त आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त असलेली ही योजना आजच्या उत्तम भयचित्रकथेतही आढळते.

वेताळाचे दुसरे रूप इंद्रजाल कॉमिक्समधून आले. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघालेल्या या मालिकेने ली फॉक यांच्या 'फँटम'ला मराठीत 'वेताळ' हे नाव दिले. कवटीच्या आकाराची गुहा आणि कवटीची अंगठी बाळगणारा हा वेताळ दुर्बलांचा रक्षक होता. स्मशानातले नाव नायकाला शोभून दिसले, याचे कारण कोकण व गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक देव म्हणून आधीपासूनच पूजिला जातो. नागाच्या बाबतीत जे शिराळ्यात, तेच वेताळाच्या बाबतीत कोकणात घडले आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद झाली.

गद्यात मराठी भयकथा समृद्ध आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत व भयकथांना हक्काचे स्थान दिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्या 'लुचाई'वर स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' या कादंबरीची छाया आहे, परंतु वातावरण अस्सल मराठी आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या 'खेकडा'सारख्या गूढकथांत भूत क्वचितच असते. माणसाच्या मनातील विकार पुरेसा असतो. धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला, तेव्हा कोकणातील पाऊस, वाडा आणि हाव यांतून निर्माण होणारे भय दृश्यरूपात किती परिणामकारक ठरू शकते, हे सिद्ध झाले.

एवढी सामग्री हाताशी असूनही मराठी भयचित्रकथेचे या तोलाचे दालन उभे राहिले नाही. भारतात हिंदीत राज कॉमिक्सने 'थ्रिल हॉरर सस्पेन्स' ही स्वतंत्र मालिका चालविली. इंग्रजीत याली ड्रीम क्रिएशन्सच्या 'द व्हिलेज' या चित्रकादंबरीवरून २०२३ मध्ये त्याच नावाची तमिळ वेबमालिका निघाली. नागराजला पहिला चेहरा देणारा चित्रकार मराठी होता. पण तो चेहरा हिंदीत बोलला. म्हणूनच मराठी वाचकाला आज भयचित्रकथा वाचायची, तर बहुधा इंग्रजी वा हिंदीचा आधार घ्यावा लागतो आणि काय निवडावे यासाठी जाणकाराच्या सल्ल्याची गरज भासते.

कोणाला काय सुचवावे

भयचित्रकथा सुचविताना प्रसिद्धी हा निकष ठेवू नये. सर्वांत गाजलेले पुस्तक प्रथम हाती देणे ही नेहमीची चूक होय. त्याऐवजी वाचकाला कशाचे भय वाटते आणि कशाची किळस येते, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. ज्याला ओसाड वाड्याचे भय आवडते, त्याला शरीरविकृतीची चित्रे असह्य होऊ शकतात. तिसरा प्रश्न शेवटाबद्दलचा असावा. वेताळकथेप्रमाणे उलगडा हवा असणाऱ्या वाचकाला इतो यांच्या उत्तर नसलेल्या शेवटाने चीड येण्याचा संभव असतो.

बारा-तेरा वर्षांच्या वाचकासाठी मिझुकी यांचे 'नोन्नोनबा' हे आत्मकथनपर पुस्तक उत्तम प्रारंभ ठरेल. गावातील एक वृद्ध स्त्री लहान शिगेरूला भुतांच्या गोष्टी सांगते आणि त्या गोष्टींच्या आधाराने तो मृत्यूसारखे कठीण अनुभव समजून घेतो. आजीकडून भुताच्या गोष्टी ऐकलेल्या कोणालाही हे नाते समजावून सांगावे लागत नाही. फ्रान्समधील अँगुलेम चित्रकथा महोत्सवात २००७ मध्ये सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा मान मिळविणारा हा पहिला मांगा होय. भुतांविषयी कुतूहल असलेल्या, परंतु भिणे नको असलेल्या वाचकाला युकी मिदोरिकावा यांची 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स' ही सौम्य मालिका द्यावी.

सोळा-सतरा वर्षांपुढील वाचकाला हितोशी इवाआकी यांची 'पॅरासाइट' सुचविता येईल. मुलाच्या उजव्या हातात शिरलेला परजीवी आणि तो मुलगा यांच्या संवादातून माणूस पृथ्वीवर कोणत्या अधिकाराने राहतो, असा प्रश्न ती विचारते. तिच्यात रक्तपात आहे, हे आधी सांगून ठेवावे. साहसाची आवड असलेल्यांना माइक मिन्योला यांचा 'हेलबॉय' रुचेल. लोककथांतील भुते आणि गडद छायांची रचना हे त्याचे बलस्थान आहे. कौटुंबिक दुःख आणि झपाटलेले घर यांचा मेळ हवा असल्यास जो हिल व गॅब्रिएल रॉड्रिगेझ यांची 'लॉक अँड की' वाचावी. परीकथेच्या वळणाच्या, एका बैठकीत संपणाऱ्या कथा हव्या असल्यास एमिली कॅरल यांचे 'थ्रू द वुड्स' (२०१४) द्यावे.

जुंजी इतो वाचू इच्छिणाऱ्याने थेट 'उझुमाकी'चा जाडजूड खंड उघडण्यापूर्वी एखादी लघुकथा वाचून पाहावी. त्यासाठी 'अमिगारा फॉल्टचे रहस्य' ही कथा योग्य आहे. भूकंपानंतर डोंगराच्या कड्यात माणसाच्या आकाराची असंख्य छिद्रे उघडी पडतात आणि प्रत्येकाला आपल्या नेमक्या मापाचे छिद्र सापडते. तिच्यात रक्ताचा थेंब नाही, परंतु बंदिस्त जागेचे भय असलेल्यांनी ती टाळावी. ही कथा रुचली तर 'उझुमाकी', त्यानंतर 'तोमिए' आणि अखेरीस, पोट घट्ट असेल तरच, कुजलेल्या माशांच्या दुर्गंधीने भरलेला 'ग्यो', असा क्रम ठेवावा.

पालक व ग्रंथपालांसाठी काही व्यवहार्य गोष्टी. अनेक इंग्रजी मांगांच्या मलपृष्ठावर वयोगट छापलेला असतो, तो आधी पाहावा. मुलाने एखादे पुस्तक मध्येच मिटले, तर त्याला भित्रा म्हणू नये. पुस्तक मिटणे ही भयचित्रकथेच्या वाचकाच्या हातातील मोठी सत्ता आहे आणि ती वापरता येणे हे शहाणपणाचे लक्षण मानावे. अनधिकृत संकेतस्थळांवरील पाने फुकट मिळतात, पण त्यांतून चित्रकाराला काहीही मिळत नाही, शिवाय वयोगटाची सूचनाही गळून पडते. किंमत परवडत नसेल तर गावातील वा संस्थेतील ग्रंथालयाकडे मागणी नोंदवावी. मागणी असल्याशिवाय असे दालन उभे राहत नाही.

चित्रातला नाग आणि शेतातला नाग

भयचित्रकथेची एक मर्यादा शेवटी सांगितली पाहिजे. चित्रातला नाग सूड घेतो, रूप पालटतो, दूध पितो. शेतातला नाग यांपैकी काहीही करीत नाही. त्याला बाह्यकर्ण नसतात आणि तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तर तिच्या हालचालीवर फणा डोलवितो. त्याचा दंश मात्र खरा असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तविण्यात आला आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. सूडाच्या कथांवर विश्वास ठेवून दिसेल तो साप मारला जातो आणि चमत्काराच्या कथांवर विश्वास ठेवून रुग्णाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते. दोन्ही ठिकाणी चौकट चुकलेली असते.

शिराळ्यानेही आपली चौकट बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनंतर जिवंत नागांचे प्रदर्शन व मिरवणुका थांबल्या आणि नागाच्या प्रतिमांची पूजा होऊ लागली. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिक्षण व पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी मर्यादित संख्येने नाग पकडण्यास सशर्त परवानगी दिली. परंपरा आणि कायदा यांच्यातील हा वाद गावासाठी जिव्हाळ्याचा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना नागाचे हितच अभिप्रेत असल्याचे सांगितले जाते. आख्यायिकेत मातीचा नाग जिवंत झाला होता; आता जिवंत नागाच्या जागी प्रतिमा आली आहे. प्रतिमेपुढे हात जोडावेत, चित्रकथेतल्या नागाला मनसोक्त भ्यावे आणि शेतातल्या नागाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. कोणता नाग कोणत्या चौकटीतला, हे ओळखता येऊ लागले की भयचित्रकथेचा वाचक तयार झाला असे समजावे.